घडणावळ

गेल्या रविवारी कोथरूडमधल्या एका सभागृहात भरलेल्या हस्तकला-प्रदर्शनात मी टेबल मांडले होते. तांब्याच्या तारेत दगड आणि काचा गुंफून मी पेंडंट आणि कानांतली करतो. टेबलामागे मी उभा होतो आणि माझी पत्नी खुर्चीवर बसून सुट्टे पैसे सांभाळत होती. ही बैठकव्यवस्था मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले.

साधारण बाराच्या सुमारास एक काकू आल्या. त्यांनी टेबलाच्या मध्यभागी ठेवलेले खंबायती अकीकाचे पेंडंट उचलले, तळहातावर दोनदा झेलून त्याचे वजन अजमावले आणि माझ्याकडे ढुंकूनही न पाहता पत्नीला विचारले, "केवढ्याला हो हे?"

"साडेसहाशे," मी म्हणालो.

"तुम्ही करता वाटतं?" काकूंनी पुन्हा पत्नीलाच विचारले.

"नाही, हे करतात," पत्नी म्हणाली. काकूंनी माझ्या हातांकडे क्षणभर पाहिले, आणि थट्टा कळल्यासारख्या हसून पत्नीला म्हणाल्या, "असू दे, असू दे. पण साडेसहाशे जास्त होतात हो. तारच तर आहे!"

आता हे 'तारच तर आहे' मला गेली सहा वर्षे ऐकावे लागते आहे. वीस गेजची, म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटर जाडीची तार चौकटीसाठी घ्यावी लागते आणि तिच्यावर अठ्ठावीस गेजच्या, जाड दोऱ्याएवढ्या तारेचे वेढे एकाला एक खेटून घालावे लागतात. (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे ज्याने ठरवले त्याला एकदा भेटायचे आहे.) दगडाला भोक पाडायचे नाही आणि डिंकही लावायचा नाही, त्याला नुसत्या तारेनेच असे कवटाळायचे की तो निसटता कामा नये आणि दिसायचाही राहता कामा नये. त्यातून तांबे वाकवता वाकवता कडक होत जाते आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवले की तुटते, त्यामुळे चुकलेला वेढा उलगडून मुकाट्याने पुन्हा घालण्याची सोय फारशी नसते. त्या पेंडंटला माझ्या दोन संध्याकाळी आणि उजव्या अंगठ्याचे थोडे कातडे लागले होते.

यातले निम्मेअधिक मी काकूंना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पत्नीला विचारले, "तांबं किती ग्रॅम असेल?"

"सहा-सात," मी म्हणालो.

"म्हणजे दहा रुपयांचं," काकूंनी हिशेब केला, आणि तो दुर्दैवाने बरोबर होता. "अहो, आमच्या विहिरीवरची मोटर जळाली ना, तेव्हा तिच्यातून किलोकिलोनं तार निघाली होती. भंगारवाल्याला दिली. आणि दगड म्हणाल तर विहीर खणताना याहून चमकणारे निघाले होते, ते बांधावर टाकलेत."

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. दख्खनच्या कातळात अशा स्फटिकांना तोटा नाही, आणि विहिरी खणताना ते निघतात हेही खरे. एरवी मी त्या बांधाचा पत्ता विचारला असता.

मग त्यांची नजर तपकिरी काचेच्या कानांतल्यांवर गेली. गुहागरच्या किनाऱ्यावर समुद्राने घासून गुळगुळीत केलेले बाटलीचे तुकडे वेचून मी ती केली होती, आणि अभिमानाच्या भरात मी ते सांगूनही बसलो.

"बाटली कसली?" काकूंचा आवाज उतरला.

"बिअरची असावी."

काकूंनी कानांतले चिमटीतून खाली ठेवले. "म्हणजे कोणाची तरी उष्टी!" त्या म्हणाल्या, आणि पत्नीकडे त्यांनी अशा काही सहानुभूतीने पाहिले, की ती बाटली मीच रिकामी केली असावी असे शेजारच्या मेणबत्तीवाल्यांनाही वाटले. समुद्राने ती कित्येक वर्षे विसळली आहे, हा माझा खुलासा कोणी ऐकलाच नाही.

मला काकूंचा राग आला तो याबद्दल नाही. त्यांच्या हातात सोन्याच्या चार बांगड्या होत्या. त्या घेताना सराफाने सोन्याच्या भावावर टक्केवारीने घडणावळ लावली असणार आणि काकूंनी ती निमूटपणे दिली असणार. म्हणजे हाताला मोल आहे, पण ते खालच्या धातूच्या भावाने ठरते. तोच हात सोन्यावर चालला की कारागिरी आणि तांब्यावर चालला की भंगार! आपल्या तांबट आळीत हातोडीचा एकेक ठोका मोजून मारत मठारकाम करणाऱ्यांच्या भांड्यांपुढेही लोक पहिला प्रश्न विचारतात तो किलोचा भाव. हे मी त्या दिवशी बोललो नाही. घरी आल्यावर बोललो, तेव्हा पत्नी म्हणाली, की तू भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडतोस ते आठव. तो मुद्दा अगदीच वेगळा आहे.

एवढे होऊन काकू निघतील असे वाटले होते, पण त्यांनी पर्समधून चष्मा काढला. त्याच्या बिजागरीचा स्क्रू पडला होता आणि काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. "तुमच्याकडे तार आहेच, तर जरा बांधून देता का?"

नाही म्हणायला हवे होते. मी अठ्ठावीस गेजची वीतभर तार कापली, स्क्रूच्या भोकातून ओवली, सात वेढे घातले, काडी उघडझाप होते का ते पाहिले आणि कानशिलाला टोचू नये म्हणून टोक पकडीने आत दाबून टाकले. त्या दिवशी माझ्या टेबलावरचे सर्वांत नेटके काम तेच होते.

काकूंनी चष्मा चढवला, मान दोन्हीकडे हलवून पाहिली आणि समाधानाने दहा रुपयांची नोट काढून पत्नीच्या हातावर ठेवली. "हे तारेचे," त्या म्हणाल्या, "आणि हात छान आहे हो तुमचा!"

पत्नीने "थँक्यू" म्हणून नोट डब्यात टाकली.