डेल्फी? ते अजून आहे?

परवा भोसरीत एका जुन्या क्लायंटकडे गेलो होतो. त्यांच्या गेटवरचा वजनकाट्याचा प्रोग्रॅम मी २००४ साली डेल्फीत, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम बनवायच्या एका टूलमध्ये, लिहिलाय. ट्रक काट्यावर आला की वजन आपोआप स्क्रीनवर, एंटर मारला की पावती. मधे तीन कॉम्प्युटर बदलले, प्रोग्रॅम तोच. पेनड्राइव्हवरून एक एक्सई (तयार प्रोग्रॅमची फाइल) कॉपी करायची, झालं.

शेठचा मुलगा आता कारभार बघतो. म्हणाला, "काका, हे कशात केलंय?"

"डेल्फी."

"ते अजून आहे?"

काही अडतंय का विचारलं, तर म्हणे नाही, झकास चालतंय. पण आता नवीन काहीतरी घेऊया, वेबवालं.

हा प्रश्न मी वीस वर्षं ऐकतोय. १९९५ च्या फेब्रुवारीत बोरलँड कंपनीने डेल्फी आणलं तेव्हा आम्ही वेडे झालो होतो. फॉर्मवर बटण टाका, डबल क्लिक करून कोड लिहा, एफ नाइन दाबा, की चहाचा घोट घ्यायच्या आत एक्सई तयार. व्हीबीवाल्यांना (मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक) प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणाऱ्या रनटाइमच्या फाइल्स प्रत्येक मशीनवर टाकत फिरावं लागायचं, आम्हाला नाही.

मग काय बिघडलं? टूल नाही बिघडलं. डेल्फीचा कर्ता अँडर्स हाइल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टला गेला आणि पुढे तिथे सी शार्प ही भाषा घडवली. १९९८ मध्ये बोरलँडने स्वतःचं नाव बदलून इनप्राइज केलं, काही वर्षांनी परत बोरलँड. (बारसं किती वेळा करायचं?) २००६ मध्ये डेल्फी विकायला काढल्याचं जाहीर केलं, २००८ मध्ये ते एम्बारकाडेरो या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. घरमालकच 'घर विकायचंय' अशी पाटी लावून बसला तर भाडेकरू कशाला टिकतील? त्या काळात विंडोजवरचं स्काइप डेल्फीतच लिहिलेलं होतं. त्यावर अमेरिकेतल्या भावाशी बोलता बोलता लोक मला सांगायचे, डेल्फी संपलं.

बाजाराला मी मूर्ख म्हणत नाही. तो मुलगा निघताना म्हणाला, "उद्या तुम्ही नसलात तर हे कोण बघणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संपलं म्हटलं की नोकऱ्या आटतात, मग कोणी शिकत नाही, मग माणसं मिळत नाहीत, आणि मग ते खरंच संपतं. डेक्कनवरच्या क्लासच्या पाट्यांवर जावा आणि डॉटनेट आलं तेव्हाच पोरांचा निर्णय झाला होता. त्यांनी तरी काय करायचं, पोटाचा प्रश्न आहे.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. माणसं मिळत नाहीत म्हणून बदलतोय, असं सरळ सांगा ना! पण मीटिंगमध्ये कारण दिलं जातं, "हे स्केल होत नाही," म्हणजे काम वाढलं तर झेपणार नाही. दिवसाला चाळीस ट्रक येतात हो त्या गेटवर. चाळीस.

शेवटी नवीन वेबवाला प्रोग्रॅम द्यायचं मी कबूल केलं. कोटेशनमध्ये 'क्लाउड' शब्द दोनदा घातला आणि रक्कम जुन्याच्या चौपट लावली, कोणी हूं की चूं केलं नाही.

माझ्याकडे एक पोरगा आहे, हुशार. दोन महिन्यांत डेल्फी शिकला, काट्याच्या पोर्टचा एक जुना घोळ त्यानेच सोडवला. गेल्या आठवड्यात रेझ्युमे बघायला दिला. त्यात रिअ‍ॅक्ट होतं, पायथन होतं, डेल्फी नव्हतं. मीही घाल म्हटलं नाही.