वैद्यबुवा नाही, बाई : ‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली ‘सडेतोड’ या नावाने एका वाचकाने प्रतिक्रिया टाकलीय. तिला खरं तर तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते, पण लिहायला बसले आणि ते काही दोन ओळींत मावेना, म्हणून इथे वेगळं लिहितेय. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: सहावी ते आठवीची सरकारी शाळा चांगली की वाईट हे नुसत्या निकालाच्या टक्केवारीवरून ठरवू नका, चालू शाळेच्या दिवशी जाऊन एक-दोन तास बघा, वह्या बघा, हजेरी बघा, मुलांशी बोला, एवढंच मी म्हटलं होतं. (ओघात पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीला आठवीची परीक्षा म्हणून गेले होते.) त्यावर सडेतोड म्हणतात (जसंच्या तसं देतेय, फक्त उद्गारचिन्हं काढलीत, नऊ होती):

“तासभर शाळेत फिरून नाडी बघणारे वैद्यबुवा आता नकोत, रिपोर्ट दाखवा. निकाल हा रिपोर्ट आहे, बाकी सगळं फीलिंग. दोन माणसं एकाच शाळेत गेली तर दोन वेगळ्या शाळा बघून येतील. शिवाय ज्याला एक दिवसाची मजुरी बुडवून शाळा बघायला जाणं परवडत नाही त्याने काय करायचं? त्याच्यापर्यंत निकालच पोचतो. पिसा परीक्षा आठवीची नसते, आधी वाचा मग लिहा. आणि तुमची स्वतःची मुलं कुठे शिकतात तेही सांगा, म्हणजे कळेल.”

पिसाचं तुमचं बरोबर आहे. पिसा इयत्तेवर नसते, वयावर असते, २००० सालापासून ती १५ वर्षांच्या मुलांची घेतात. माझ्या डोक्यात होती टिम्स, जी १९९५ पासून दर चार वर्षांनी चौथी आणि आठवीच्या मुलांचं गणित-विज्ञान तपासते. दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिताना घोटाळा झाला. चूक ती चूक, मी काही अडून बसणाऱ्यातली नाही. (तरी पण पिसा घ्या नाहीतर टिम्स घ्या, दोन्ही नमुना घेऊन केलेल्या पाहण्या आहेत, देश कुठे आहे ते सांगतात, तुमच्या घराजवळची शाळा कशी आहे ते सांगत नाहीत, म्हणजे माझा मुद्दा होता तिथेच आहे.)

आता भाषेचं बघू. वैद्यबुवा. पहिली गोष्ट म्हणजे बुवा नाही, बाई आहे. ब्लॉगच्या माथ्यावर नाव आहे माझं, आणि ‘आधी वाचा मग लिहा’ हा सल्ला दोघांनाही लागू पडतो. दुसरी गोष्ट, मतभेद असू देत की, कोण नको म्हणतंय, पण ज्या माणसाशी कधी बोललो नाही त्याला पहिल्याच वाक्यात भोंदू ठरवायचं आणि मग खाली मुद्दे मांडायचे, ही कुठली पद्धत? माझ्या आईने सरकारी शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, मी स्वतः पहिली ते दहावी सरकारी शाळेत शिकले, नंतर तीन वर्षं बदली शिक्षिका म्हणून सातवी-आठवीवर काढली. एका वर्गात ५८ मुलं, त्यातल्या अकरा जणांना स्वतःचं नाव सोडून फारसं लिहिता येत नव्हतं. नाडी मी हवेत बघत नाहीये, इतकंच सांगायचं होतं.

असो. रिपोर्ट. तुमचा सगळा जोर त्या एका शब्दावर आहे म्हणून त्याच्यावरच बोलते.

रिपोर्ट चांगली गोष्ट आहे, पण तो कोणाचा आहे ते आधी बघावं लागतं. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा मोठा अहवाल आला, लाखो मुलांच्या चाचण्यांवरचा, आणि त्यात निघालं ते असं की शाळेतल्या सोयींपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा गुणांशी जास्त संबंध दिसतो. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, अजून चालू आहेत, पण कच्च्या निकालात घर मिसळलेलं असतं एवढी गोष्ट त्यानंतर कोणी नाकारत नाही. म्हणजे तुम्ही रिपोर्ट म्हणून जो कागद नाचवताय त्याच्यावर पेशंटचं नाव शाळेचं आहे आणि रक्त आई-बापांचं आहे. कळतंय का मी काय म्हणतेय?

साधं उदाहरण घ्या. एका शाळेत सहावीला मुलं येतात तेव्हा सरासरी ७० गुणांची असतात आणि आठवीतून बाहेर पडताना ७२ ची. दुसरीत येतात ३५ ची, जातात ५२ ची. तुमच्या यादीत पहिली शाळा वर, दुसरी खाली. मला विचाराल तर पहिल्या शाळेने तीन वर्षं मुलांना सांभाळलं आणि दुसरीने शिकवलं. आता तुम्ही म्हणाल की मग हा फरकच मोजा की, फिरायला कशाला पाहिजे. मोजतात ना. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात विल्यम सँडर्स नावाचा संख्याशास्त्रज्ञ होता, मूळचा शेतीच्या आकडेवारीतला माणूस, त्याने मुलाची आधीची पातळी धरून पुढची वाढ मोजायची पद्धत बसवली आणि १९९२ मध्ये त्या राज्याने ती कायद्यात घातली. उत्तम कल्पना. पण त्यासाठी तेच मूल वर्षानुवर्षं, त्याच मापाने मोजलेलं लागतं, आणि तुम्ही ज्या निकालाच्या फलकावर विश्वास ठेवताय त्याच्यावर यातलं काहीही नसतं. एकच आकडा असतो आणि शेजारी पहिल्या तिघांचे फोटो.

बरं, लहान शाळेत तर तो आकडा म्हणजे शुद्ध गंमत आहे. आठवीत २० मुलं असतील तर एक मूल म्हणजे ५ टक्के. परीक्षेच्या आठवड्यात दोघांना कांजिण्या झाल्या की शाळा दहा टक्क्यांनी घसरली. पुढच्या वर्षी दोन हुशार बहिणी त्या वर्गात आल्या की शाळा सुधारली, मुख्याध्यापकांचा सत्कार. शिक्षक तेच, फळा तोच, गळकं छप्परही तेच. याला वस्तुनिष्ठ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्हाला कोणी सांगितलं नसावं. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या समाजशास्त्रीय संशोधकाने १९७० च्या दशकात मांडलं होतं की एखादा आकडा निर्णयांसाठी जितका जास्त वापराल तितका तो सडत जातो आणि ज्या कामावर लक्ष ठेवायला तो आणला त्या कामालाही सडवतो. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात हे अक्षरशः झालं. २०११ च्या सरकारी चौकशी अहवालात तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ मध्ये फसवणूक सापडली, १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर उत्तरं भरली होती. त्या शाळांचे रिपोर्ट फार छान होते हो. मधली काही वर्षं सत्कारसुद्धा झाले.

अटलांटा लांब आहे म्हणाल, तर जवळचं सांगते. मी बदलीवर होते त्यातल्या एका शाळेत (नाव लिहिणार नाही, माणसं अजून नोकरीत आहेत) परीक्षेच्या आदल्या दिवशी सात मुलांना सांगितलं गेलं, उद्या आला नाहीत तरी चालेल. प्रेमाने सांगितलं हां, ओरडून नाही. त्या सातांतला एकजण माझ्या वर्गातला होता, त्याने मला विचारलं की बाई मग मी नापास का पास, आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी निकाल ९६ टक्के लागला. तुमच्या हातात तोच कागद आला असता आणि तुम्ही खुश झाला असतात.

आता फिरून काय दिसतं ते. लेखात लिहिलंय पण तुम्ही बहुतेक नाडी या शब्दाशीच थांबलात (जो मी वापरलेलाच नाही, तो तुमचा आहे). सातवीची गणिताची वही उघडा. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे उत्तर कुठल्या ना कुठल्या वहीत सापडेलच, वरच्यात वरचं मिळवलं, खालच्यात खालचं. त्याच्यापुढे काय आहे ते बघा. लाल फुली असेल आणि पुढच्या पानावर नवीन धडा सुरू असेल तर एक शाळा. फुलीच्या खाली मुलाने तेच गणित परत केलेलं असेल, दोन पट्ट्या काढून, की अर्धा म्हणजेच अडीच पंचमांश मग त्यात आणखी मिळवून दोन पंचमांश कसं येईल, तर ती वेगळी शाळा. नुसते ‘पाहिले’ असे शिक्के असतील तर तिसरी. आई घरी वह्या तपासायची तेव्हा म्हणायची की चुकीचं उत्तर हीच मुलाने दिलेली खरी माहिती, बरोबर उत्तर शेजाऱ्याचंही असू शकतं. मी सातवीत गणितात नापास झाले होते, सरळ सांगते, आणि मला वर काढलं ते निकालाने नाही, माझी वही दोन महिने रोज मधल्या सुट्टीत बघणाऱ्या एका सरांनी काढलं, आणि त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल तालुक्यात शेवटून दुसरा होता. आता बोला.

हजेरीचंही तेच. ९३ टक्के सरासरी हजेरी म्हटलं की छान वाटतं, पण हजेरीपट उघडा. सगळीच मुलं अधूनमधून गैरहजर आहेत की ठरावीक सहा-सात पोरंच गायब आहेत? २०० दिवसांची शाळा धरली तर महिन्याला दोन दिवस बुडवणारं मूल वर्षात वीसेक दिवस, म्हणजे दहा टक्के शाळा बुडवतं, आणि अमेरिकेत दहा टक्के किंवा जास्त झालं की त्याला सततची गैरहजेरी धरून वेगळं मोजतात. सरासरीत ते मूल दिसतच नाही.

आणि सहावी ते आठवीच का, हे मी मुद्दाम लिहिलं होतं. या वयात मूल एका वर्गशिक्षकाच्या हातातून सुटून सहा-सात विषयशिक्षकांच्या हातात जातं. जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या लेखात मांडलंय की मुलाला स्वतःचं काही ठरवावंसं वाटायला लागतं नेमकं तेव्हाच शाळा जास्त नियम लावते, आणि त्याला घराबाहेरच्या मोठ्या माणसाची गरज असते नेमकं तेव्हाच शिक्षक लांब जातात. म्हणून मी म्हटलं होतं की आठवीतल्या कुठल्याही मुलीला विचारा, काही गडबड झाली तर इथे कोणाला सांगशील. चटकन नाव आलं तर आलं. ती मैत्रिणीकडे बघायला लागली तर तुम्हाला कळलं. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते का तेही बघा. हे कुठल्या रिपोर्टात येतं सांगा.

दोन माणसं दोन शाळा बघून येतील, हे ठीक आहे, येतील. दोन डॉक्टरही दोन मतं देतात. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही १९९२ मध्ये सुरू झालेली सरकारी तपासणी संस्था वर्गात माणसं पाठवून शाळा तपासते, सगळं फीलिंगच असतं तर इतकी वर्षं पाठवली नसती. (२०२४ च्या सप्टेंबरात त्यांनी सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देणं बंद केलं हे मला माहितीये, लगेच धावून येऊ नका. शेरा बंद केला, भेट नाही.)

मजुरी बुडवून कोणी जायचं, हा मुद्दा मोठा आहे आणि तो या लेखाचा विषय नव्हता. कधीतरी त्यावर स्वतंत्र लिहीन. पण इतकं सांगते की गरिबाच्या नावाने वाद घालणं सोपं असतं, विशेषतः प्रतिक्रिया रात्री पावणेदोनला टाकलेली असेल तेव्हा.

राहिला शेवटचा प्रश्न, माझी मुलं कुठे. खरं म्हणजे याचं उत्तर द्यायला मी बांधील नाही, आणि माझी मुलगी तुमच्या वादातला पुरावा नाही. पण नाही दिलं तर परत लिहाल की टाळलं. एकच मुलगी आहे, सातवीपर्यंत सरकारी शाळेत होती. निकालाच्या यादीत मधोमध असलेली शाळा, मी तीनदा जाऊन बघून निवडलेली. आठवीला बदलली, कारण आम्ही घर बदललं आणि नवीन घरापासून जवळची सरकारी शाळा सातवीपर्यंतच होती. आता खाजगी शाळेत आहे. हो, खाजगी. याचा गुणवत्तेशी काही संबंध नाही, अंतराशी आहे, आणि ज्यांना यात विजय दिसतोय त्यांनी खुशाल साजरा करावा. तिथेही मी प्रवेश घेण्याआधी वह्या बघायला मागितल्या होत्या. दाखवल्या नाहीत, निकालाचं छापील पत्रक दिलं. तुम्हाला आवडलं असतं.

लेखातली पिसाची ओळ दुरुस्त केलीय. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही आणि काढणारही नाही, वैद्यबुवासकट राहू दे तिथेच. पुढच्या वेळी एवढं करा, नाव नसलं तरी चालेल, पण लेख शेवटपर्यंत वाचून या. वह्यांचा भाग दुसऱ्या अर्ध्यात होता.