‘आराखड्याने निबंध मरतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना आधी आराखडा करायला लावला की सगळे निबंध एकाच गणवेशात उभे राहतात, आणि ‘वाक्यं लांब-आखूड करा’ ही नुसती रंगरंगोटी आहे. कागदावर आराखड्याची सक्ती नको, मुलांना भरपूर वाचू द्यावं, विचार असला की वाक्यं आपोआप येतील.

गणवेशाचं खरं आहे. प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, समारोप. यात कुठलाही विषय कोंबा, झाकण बसतंच. म्हणून माझ्या वर्गात आराखड्यात सुटं नाम चालत नाही. ‘मोबाइलचे तोटे’ असं लिहिलेली वही मी परत करते. ‘मोबाइल आल्यापासून मला वाट बघता येत नाही’ असं क्रियापदासकट पूर्ण वाक्य हवं. तोटे कुणीही लिहील, हे वाक्य त्या एकाच मुलाचं आहे. अशी पाच-सहा वाक्यं झाली की त्यांच्यामध्ये ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ घालून बघायचं. सगळीकडे फक्त ‘आणि’च बसत असेल, तर ती यादी झाली, निबंध अजून व्हायचाय.

आराखडा आधीच करावा असाही माझा हट्ट नाही. काही मुलांना लिहिल्याशिवाय विचारच सुचत नाही. त्यांनी खुशाल लिहावं, मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एका ओळीत टिपावं: इथे मी काय म्हटलं? दोन परिच्छेदांसमोर तीच ओळ आली की एकाला निरोप. रोनाल्ड केलॉग या मानसशास्त्रज्ञाने 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आराखडा करून लिहिलेली पत्रं जास्त चांगली ठरली. पण मनातल्या मनात केलेला आराखडाही कागदावरच्याइतकाच उपयोगी पडला. म्हणजे कागदाची सक्ती नको, हा तुमचा मुद्दा तिथेही टिकतो.

आता वाक्यांकडे. इथे आधी माझी चूक सांगते. एका वर्षी मी फर्मान काढलं होतं की लागोपाठची दोन वाक्यं सारख्या लांबीची नकोत. मुलांनी शब्द मोजले. चांगली चाललेली वाक्यं मध्येच तोडली, उरलेल्यांना शेपट्या जोडल्या. तुमची ‘रंगरंगोटी’ ती हीच, आणि ती मीच करवून घेतली.

त्यानंतर मोजणं सोडलं, जोडणं सुरू केलं. एका मुलाने लिहिलं होतं:

‘आजोबांचं घड्याळ जुनं होतं. ते भिंतीवर होतं. त्याचा लंबक पितळी होता. ते रोज दहा मिनिटं मागे पडायचं. आजोबा त्याला रोज किल्ली द्यायचे. आजोबा गेले. घड्याळ बंद पडलं.’

सात वाक्यं, सगळी एका मापाची. लंबक पितळी असणं आणि आजोबा जाणं, दोन्हींचं वजन सारखंच. मी म्हटलं, जोड. त्याने इतकं जोडलं की शेवट असा झाला: ‘आजोबा गेल्यावर किल्ली न दिल्यामुळे घड्याळ बंद पडलं.’ व्याकरण शुद्ध, पण हा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा अहवाल! मग त्याला एवढंच विचारलं, यातलं कुठलं वाक्य कुणालाही चिकटवायचं नाही? त्याचा तिसरा खर्डा:

‘भिंतीवरचं ते जुनं, पितळी लंबकाचं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडायचं आणि किल्ली देता देता आजोबा काटे पुढे सरकवायचे. आजोबा गेले. किल्ली कुठे ठेवतात, हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं.’

किल्लीचं शेवटचं वाक्य पहिल्या खर्ड्यात नव्हतं. जोडताना ‘घड्याळ बंद का पडलं’ हा प्रश्न त्याच्यासमोर आला, तेव्हा ते सुचलं. विचार असला की वाक्य येतं, असं तुम्ही म्हणता. इथे वाक्याशी झटापट करताना विचार आला.

लेखन कसं शिकवावं याचे अभ्यासक ग्रॅहम आणि पेरिन यांनी 2007 साली चौथी ते बारावीच्या मुलांवरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा वाक्यं जोडण्याच्या सरावाचा परिणाम 0.50 निघाला आणि सुट्या व्याकरणाच्या तासांचा चक्क उणे 0.32 (शून्य म्हणजे लेखनात काहीच फरक नाही, उणे म्हणजे उलट घसरण). ही आकडेवारी इंग्रजी लेखनातली, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. मराठीत जोडायला सांगितलं की मुलं ‘उठून, आवरून, दप्तर भरून, बूट घालून’ अशी ऊन-ऊनची आगगाडी सोडतात. शिवाय आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे होतं-होता-होती प्रत्येक पूर्णविरामाआधी टाळ वाजवतात. त्यावर ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ची वाक्यं आणि शब्दांची अदलाबदल मुद्दाम करून घ्यावी लागते. ‘घड्याळ थांबलं’ आणि ‘थांबलं ते घड्याळ’ यांतला फरक मुलांना मोठ्याने वाचल्यावर लगेच ऐकू येतो.

वाचनाबद्दल वाद नाहीच. फक्त, भरपूर वाचणारी आणि तरीही एका सुरात लिहिणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात.

घड्याळाची ती सात वाक्यं तुमच्या वर्गात देऊन बघा, तिसरा खर्डा न दाखवता. मुलं कुठलं वाक्य सुटं ठेवतात, ते मला कळवा.