फाईल आधी उडवली म्हणून

सात रस्त्याजवळ आमचा कट्टा आहे. कट्टा म्हणजे एका बंद दुकानाच्या तीन पायऱ्या आणि समोर चहाची गाडी. एप्रिलात सोलापूरचा दगड रात्री आठलासुद्धा बुडाला चटका देतो, म्हणून बसायच्या आधी पायरीवर पाणी मारावं लागतं. त्या दिवशी दुकान बंद करून मी पोचलो (लॅपटॉप दुरुस्तीचं माझं काम), तर बाळ्या मांडीवर लॅपटॉप उघडून गप्प बसलेला.

"काय करलालाय बे?" कट्ट्यावरच्या मित्रानं, मालकानं विचारलं.

"काही नाही. अकरा तास पाण्यात गेले."

गेले दोन आठवडे बाळ्या रात्री जेवण झालं की एक गेम खेळत होता. हॅकिंगचा. छोट्या टीमनं केलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला. त्याचं नाव इथं घेत नाही, कारण त्यातली चूक सांगायची आहे आणि करणाऱ्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. खेळात तुम्ही भाड्यानं घेतलेले हॅकर असता. मेल येतो, काम मिळतं, समोरच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो. काळ्या पडद्यावर कमांड टाकून सर्व्हरचे पोर्ट, म्हणजे आत जायची दारं, तोडायचे, आत शिरायचं, हवं ते उचलायचं, आपल्या पावलांचे ठसे, म्हणजे सर्व्हरवर राहिलेली नोंद (लॉग), पुसायचे आणि ट्रेस, म्हणजे समोरच्यानं काढलेला आपला माग, पूर्ण व्हायच्या आत बाहेर पडायचं. बाळ्या सहाव्या कामावर अडकला होता. काम पूर्ण केलेलं, तरी पुढचा मेल येईना. सेव्ह एकच, तोही खेळ आपोआप करतो. मागं जायची वाटच नाही.

"पैसे परत माग की," गुड्डू म्हणाला.

"दोन तासांच्या आत खेळलं असेल तरच देतात. माझे अकरा झाले."

गुड्डू पतसंस्थेत काउंटरला बसतो. त्याला हा सगळा प्रकारच खोटा वाटतो आणि तो ते मनापासून बोलतो. "आमच्याकडे रोज एखादी म्हातारी रडत येती. तिचा कुठला पोर्ट कुणी तोडला? फोन आला, 'बँकेतून बोलतोय' म्हणाले, तिनं ओटीपी सांगितला, संपलं. खरं हॅकिंग तोंडानं होतं. तो अमेरिकेचा हॅकर केव्हिन मिटनिक एवढा गाजला, तो तरी काय करायचा? फोन करून माणसांकडून माहिती काढायचा. हे हिरव्या अक्षरांचं नाटक पोरांना दाखवून काय उपयोग?"

"मग कॉसमॉस बँकेचं काय?" सर म्हणाले. सर पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवतात. "ऑगस्ट 2018. पुण्याची बँक, साधारण 94 कोटी. तिथं म्हातारीला फोन नव्हता केला. एटीएमच्या स्विचिंग यंत्रणेत मालवेअर घातलं आणि बनावट कार्डांनी 28 देशांतून पैसे उचलले."

"पण ते काय काळ्या पडद्यावर दीड मिनिटात झालं का? महिनोन्महिने तयारी असणार त्यामागं."

"तेच म्हणतोय. तू म्हणतोस ते एक टोक, हे दुसरं. खेळ मधलं काहीतरी दाखवतो."

इथं बाळ्या पहिल्यांदा तावात आला. "खोटं आहे ते मला कळतंय की. मी काय लहान आहे? पण रात्री दीडला घर झोपलेलं असतं, कानाला हेडफोन, आणि ट्रेसचा आकडा खाली येत असतो. ऐंशी, साठ, चाळीस. हात थरथरतात. आणि मी घाई न करता आधी लॉग पुसतो, मग बाहेर पडतो. हे मला दुसऱ्या कुठल्या गेमनं नाही दिलं. बंदूक घेऊन पळणाऱ्या खेळात विचार करायला लागतच नाही."

त्याचं खरं होतं. मी पण अशा खेळांचा जुना गिऱ्हाईक आहे. ब्रिटनच्या इंट्रोव्हर्जन सॉफ्टवेअरचा 'अपलिंक' 2001 मध्ये आला, तेव्हा आमच्याकडे नेट कॅफेत तासाला पैसे मोजून बसायचं. खेळ मला बऱ्याच वर्षांनी मिळाला, तरी त्यातला ट्रेसचा तो बीप, जसजसा माग काढणारा जवळ येतो तसतसा घाईघाईत वाजणारा, अजून कानात आहे. थेट कुठं शिरायचं नाही, चार-पाच ठिकाणांवरून उड्या मारत जायचं, म्हणजे माग काढायला वेळ लागतो. मग 2015 मध्ये 'हॅकनेट' आला. मॅट ट्रॉबियानी या ऑस्ट्रेलियन माणसाचा. त्यात सुरुवातीलाच मेलेल्या हॅकरचा मेल येतो आणि तुम्ही त्याच्या मरणाचा शोध घेत जाता. त्याच्या कमांड युनिक्स या खऱ्या सिस्टीमच्या जवळच्या. एलएस टाकलं की यादी दिसते, सीडी टाकलं की फोल्डरात जाता, आरएम टाकलं की फाईल जाते.

सरांनी तोच धागा पकडला. "माझ्या वर्गात लिनक्सचं टर्मिनल, म्हणजे कमांड टाकायचा पडदा, उघडलं की निम्मी पोरं घाबरतात. माऊस कुठाय विचारतात. हॅकनेट खेळून आलेला पोरगा घाबरत नाही. पोर्ट 22 म्हणजे एसएसएच (दुरून मशीन चालवायला), 21 म्हणजे एफटीपी (फाईल पाठवायला), 25 वर मेल, 80 वर वेबसाईट, हे त्याला पाठ असतं. खरं आहे ते, खेळापुरतं बनवलेलं नाही."

"पण सर, तिथं प्रत्येक पोर्टाला एक ठरलेला प्रोग्राम," मी म्हणालो. "तो चालवला की पोर्ट उघडतोच. पुरेसे पोर्ट उघडले की पोर्टहॅक हा शेवटचा प्रोग्राम, की आत. कधी फसतच नाही. दहाव्या सर्व्हरला हात आपोआप चालतो, डोकं झोपतं."

"ती उणीव आहे. मान्य."

"घरी जाऊन कुणाच्या वायफायवर करून बघितलं तर?" गुड्डूनं विचारलं. सरांनी एका वाक्यात मिटवलं: माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम 43 आणि 66, मालकाच्या परवानगीशिवाय वाईट हेतूनं शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ते पहिल्या तासालाच सांगतात म्हणे.

पहिल्या प्रश्नानंतर मालक बोलला नव्हता. मालक म्हणजे आमच्यातला यंत्रमागवाला. बापाचे चादरीचे माग आहेत, म्हणून शाळेपासून मालक. त्यानं बाळ्याचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला, पडदा बघितला आणि विचारलं, "चुकलं कुठं ते सांगत नाही का हे?"

"नाही. नुसतं थांबलंय."

"मग हे मशीनच वाईट." आणि तो मागाचं सांगायला लागला. मी ते ऐकून होतो, तरी त्या दिवशी नीट कळलं. "आडवा धागा तुटला की आमचा माग स्वतः थांबतो. एक काटा असतो, त्याला धागा लागला नाही की खटका पडतो. कामगाराला कळतं, कांडी संपली किंवा धागा तुटला. दुसरं, जकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, कार्ड. पुठ्ठ्याला भोकं असतात. भोक असलं की तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो. कार्ड मारणाऱ्यानं एक भोक चुकीचं मारलं तर मोराच्या डोळ्यात एक टाका वेगळा येतो. प्रत्येक चादरीत, बरोबर त्याच जागी. मग काय करायचं? काठापासून धागे मोजत यायचं, कार्डाचा नंबर निघतो, ते एक कार्ड काढायचं, नवीन मारायचं. वडील रात्री बल्बखाली चादर धरून बोटानं मोजायचे. चूक झाली तरी चूक सापडती बे. त्याला मशीन म्हणायचं."

"कॉम्प्युटरवाल्यांनी भोकांची कार्डं तुमच्या मागावरूनच उचलली," सर म्हणाले. "जकार्ड 1804 चा. चार्ल्स बॅबेजनं आपल्या हिशेबाच्या यंत्रासाठी तीच कल्पना घेतली."

मला जे बऱ्याच दिवसांपासून म्हणायचं होतं त्याला मालकानं तोंड फोडलं. हॅकिंगच्या खेळांवर लोकं वाद घालतात तो एकाच गोष्टीवर, खरं आहे की खोटं. माझ्या मते तो मुद्दाच नाही. बुद्धिबळातला घोडा कुठं खऱ्या घोड्यासारखा चालतो? खेळाला स्वतःचा नियम असावा, आणि मी हरलो तर त्या नियमानं हरलो हे मला शोधता यावं. मी दिवसभर बंद पडलेले लॅपटॉप उघडतो. ज्याचा पॉवर सेक्शन शॉर्ट आहे तो बोर्ड मला आवडतो, कारण मीटर लावला की तो बोलतो. कधी चालू, कधी बंद, कारण नाही, असा बोर्ड आला की जेवण जात नाही. बाळ्याचा खेळ तसा निघाला.

सरांनी मला तिथंच अडवलं. "तुझा अपलिंक काय वेगळा? त्यात मधल्या सर्व्हरवरचा लॉग पुसायला विसरलास तर लगेच काहीच होत नाही. नंतर कधीतरी अचानक तुला पकडतात, एजंटची नोंद रद्द, सगळं पहिल्यापासून. सांगतो का तो, कुठं चुकलं ते?"

मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण मुद्दा बरोबर होता. पहिल्यांदा पकडलो गेलो तेव्हा मी पण चिडलो होतो. पण दुसऱ्या वेळी मी उलटं चालत गेलो. कुठून कुठं उडी मारली, कुठल्या ठिकाणी माझं नाव राहिलं असेल? इंटरनिक या खेळातल्या मधल्या सर्व्हरवरचा लॉग आठवला. तिसऱ्या वेळी तिथला लॉग पुसला आणि वाचलो. "सर, तो तोंडानं सांगत नाही, पण धागे मोजत गेलं की कार्डाचा नंबर निघतो. शिक्षा कडक, पण आंधळी नाही."

"मग बाळ्याचं मोजून बघू," सर म्हणाले. "बाळ्या, सहावं काम. पहिल्यापासून सांग. काय केलंस, कुठल्या क्रमानं. काही गाळू नकोस."

पुढचा अर्धा तास त्यातच गेला. चहा दुसऱ्यांदा आला. काम असं होतं: एका दवाखान्याच्या सर्व्हरवर जायचं, एका पेशंटची फाईल कॉपी करून आणायची, गिऱ्हाइकाला पाठवायची. बाळ्या आत शिरला. फाईल कॉपी केली. आणि मग?

"मग मूळ फाईल उडवली."

"सांगितलं होतं का?"

"नाही. पण गिऱ्हाइकाच्या मेलची भाषा अशी होती की त्याला ती तिथं राहायला नको होती. मी म्हटलं परत कशाला यायचं, परत आलं की परत ट्रेस. एका फेरीत उरकू. फाईल उडवली, लॉग पुसला, बाहेर."

"मग पाठवलीस?"

"पाठवली. मेल आला. 'आता मूळ फाईल नष्ट करा.' मी परत गेलो, फाईल नाही. असणार कशी? मीच उडवलेली."

सर आणि मी एकमेकांकडे बघितलं. बाळ्यालाही बोलता बोलता कळलं होतं. खेळ फाईल आहे की नाही ते बघत नव्हता. तो बघत होता की मेल आल्यानंतर फाईल उडवण्याची क्रिया झाली का. ती होणं आता शक्य नव्हतं. खेळ लिहिणाऱ्यानं एकच क्रम डोक्यात धरला होता, आणि एक पाऊल पुढचा विचार करणारा कुणी येईल हे त्याला सुचलंच नाही.

"म्हणजे मी ढ असतो तर पुढं गेलो असतो," बाळ्या म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

मला त्याचंच वाईट वाटलं. खेळ लहान आहे, आवाज साधे आहेत, कामं एकसारखी आहेत, हे सगळं मी सोडून देईन. दोन-तीन माणसं घरात बसून करतात, त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? पण हॅकर व्हा म्हणून बोलावलं, आणि बाळ्या हॅकरसारखा वागला त्याच क्षणी दार बंद केलं. म्हणून मी तो खेळ कुणाला घ्या म्हणणार नाही. ज्याला सुरुवात करायचीय त्यानं आधी हॅकनेट घ्यावा. त्यात शत्रू तुमच्या मशीनमधली एक सिस्टीम फाईल उडवतो, खिडक्या, चित्रं सगळं जातं आणि नुसतं टर्मिनल उरतं. तिथं खेळ हात धरत नाही, पण आतापर्यंत शिकलेल्या कमांडनी वाट सापडते.

गुड्डू एवढा वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "मग हे त्यांना कळवा की. आमच्याकडं तक्रार आली की पहिलं हेच विचारतात. कधी, कुठं, कुठल्या क्रमानं."

सरांनी पाच ओळींचा मेल सांगितला, बाळ्यानं टाईप केला. कुठलं काम, कुठली फाईल, आधी काय, नंतर काय, शेवटी काय दिसलं. रागाचा एक शब्द नाही. मालकानं चहाचे पैसे दिले. तेवढ्यात गुड्डूला घरून फोन आला, नळाला पाणी आलंय, आणि तो गाडीला किक मारून गेला.

पाठवायच्या आधी बाळ्या थांबला. एक ओळ त्यानं स्वतःची वाढवली, इंग्रजीत, दोनदा खोडून. तिचा अर्थ असा होता: जो मेलची वाट न बघता फाईल उडवतो, त्याच्यासाठी पण एक रस्ता ठेवा. मग पाठवला, आणि लॅपटॉप मिटला.