लाठीचं कौतुक आता पुरे

नोव्हेंबर उजाडला की तुकाराम ओंबळेंचा तोच फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. खाली ओळ ठरलेली : ‘फक्त एक लाठी घेऊन एके-४७ला भिडले.’ मीही ती पुढे ढकलली आहे, खोटं कशाला बोलू. पण गेली काही वर्षं त्या ‘फक्त’पाशी मी अडखळतो.

२६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरच्या हल्ल्याची ती रात्र आठवा. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर हे पोलीस अधिकारी पडले. त्यांच्याच क्वालिसमधून दोघे अतिरेकी निघाले. मागे जखमी पोलीस अरुण जाधव मेल्यासारखे पडून. टायर बसला तशी गाडी टाकून त्यांनी स्कोडा पळवली. वायरलेसवर तसा निरोप आला. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची माणसं गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लावून उभी होती, ओंबळे त्यांतलेच. मध्यरात्र उलटून गेली होती. स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली, दिवे तसेच डोळ्यांवर. आतलं दिसू नये म्हणून काचेवर पाणी सोडून वायपर सुरू केले. मग वळायला गेली ती दुभाजकावर अडकली. चालवणारा इस्माईल पोलिसांच्या गोळ्यांनी गेला. कसाब बाहेर आला आणि ओंबळेंनी त्याच्या बंदुकीची नळीच धरली. गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. शेजारी त्यांचे सहकारी संजय गोविलकर जखमी झाले. बाकीचे तेवढ्यात कसाबवर तुटून पडले.

आपण याला ‘भावनेच्या भरात’ वगैरे म्हणतो, ते मला पटत नाही. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस आधी लष्करात सिग्नल्समध्ये होता, नाईक म्हणून निवृत्त झाला आणि १९९१मध्ये मुंबई पोलिसांत आला. रायफलची नळी धरल्यावर काय होतं, हे त्यांना तुम्हाआम्हापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर धरली. नळी जिकडे, गोळी तिकडे. मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांकडे ती वळू द्यायची नव्हती.

आणि कसाब जिवंत हाती लागला म्हणून पुढचं सगळं घडलं. तो आपला नागरिक असल्याचं जानेवारी २००९मध्ये पाकिस्तानला मान्य करावं लागलं. मुंबईत रीतसर खटला चालला, मे २०१०मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ला ती येरवड्यात अमलात आली. नुसती दहा अतिरेक्यांची प्रेतं हाती आली असती तर आपण अजून कुठल्या कुठल्या थिअऱ्यांवर भांडत बसलो असतो, विचार करा.

आता त्या ‘फक्त’कडे येतो. सहायक फौजदार दर्जाचा माणूस, शहरभर गोळीबार चालू आहे हे वायरलेसवर कळलेलं, आणि नाकाबंदीला त्याच्या हातात लाठी! यात अभिमान त्यांचा आहे, आपला नाही. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावावर आणि दारूगोळ्याच्या टंचाईवर बोट ठेवलं होतं. आपण मात्र ती उणीवच शौर्याची सजावट करून टाकली. लाठी जितकी बारीक, तितकी पोस्ट व्हायरल.

२६ जानेवारी २००९ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चौपाटीवर पुतळा आहे. २०२१मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या, उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. मला तो सन्मान फार आवडतो. त्यात भाषणं नाहीत, हार नाहीत.

मागच्या विसर्जनाला पुतळ्यापासून थोड्या अंतरावर एक हवालदारमामा बॅरिकेडला टेकून उभे होते. पहाटेचे तीन वाजले असतील. पायातला बूट अर्धा काढून टाच चोळत होते. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी दोन घोट घेतले, परत दिली आणि म्हणाले, "साहेब, तेवढं पोराला कडेवर घ्या, मागून ट्रक येतोय."