हीटर नंतर, आधी छत

‘घरामागच्या पत्र्याच्या वर्कशॉपला थंडीत गॅस हीटर पुरतो’ हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात शेडमध्येच राहतं. साताऱ्यात डिसेंबरच्या रात्री पत्रा गारठलेला असतो. वाफ त्याला धरते, थेंब थेट लेथच्या (धातू कातायच्या यंत्राच्या) बेडवर पडतात आणि सकाळी तांबूस ठिपके. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

आधी पत्र्याऐवजी आत उष्णता अडवणारा थर असलेलं ५० मिमीचं पॅनेल टाका, भिंत-छतातली फट बुजवा. वेल्डिंग होत असेल तर पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) नको, रॉकवूलचंच (दगडी तंतूंचं) घ्या. पफ पेट घेतो. मग ३ किलोवॅटचा विजेचा हीटर. तो १३ अँपिअर ओढतो, म्हणून ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हवाच.