‘दुकानात गप्प, घरी भुणभुण’: तुमच्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकानाचं शटर ओढता ओढता वाचला. लॅपटॉपच्या आवाजासाठी जुळे सोलापुरातून नवी पेठेत तीन फेऱ्या झाल्या, 850 रुपये गेले, दुकानात लॅपटॉप गप्प बसतो आणि घरी नेला की भुणभुण सुरू, शेवटी काउंटरवरच्या पोरानं ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ असं सांगितलं, ही तुमची तक्रार. आणि शेवटी एकच शब्द, ‘लूट’.

तो शब्द लागला, खोटं कशाला बोलू. पण आज सकाळी तुमची तिन्ही जॉबकार्डं काढून बसलो, तर निम्म्याहून जास्त चूक आमचीच निघाली. म्हणून आधी तीच सांगतो.

पहिल्या कार्डावर पोराच्या अक्षरात फक्त ‘साउंड प्रॉब्लेम’ लिहिलंय. तुम्ही मात्र त्या दिवशी दोन वेगवेगळे आवाज सांगितले होते. मला पक्कं आठवतंय, कारण तुम्ही ते तोंडानं काढून दाखवले होते. एक ‘टक्’, ऐकणं थांबलं की काही सेकंदांनी आणि पुन्हा सुरू केलं की. दुसरा ‘घूंऽऽ’, चार्जिंगला लावून हेडफोन घातला की एकसारखा. आम्ही दोन दुखण्यांवर एकच गोळी दिली.

‘टक्’चं कारण सोपं होतं. बॅटरी वाचावी म्हणून साउंडची चिप काम नसलं की झोपी जाते. झोपताना आणि उठताना आतलं व्होल्टेज एकदम हलतं, तेच स्पीकरमधून ऐकू येतं. ड्रायव्हरमधलं, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं, ते पॉवर सेव्हिंग बंद केलं. शिवाय रेकॉर्डिंग ऐकताना मधेच तडतड होत होती, तिचं मूळ साउंडमध्ये नव्हतंच. विंडोज साधारण दर 10 मिलिसेकंदांनी आवाजाचा एकेक घास पुढं सरकवतं. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवून धरला तर घास चुकतो आणि तड् होतं. कोण किती वेळ अडवतंय ते दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं, तर तुमचा वायफायचा ड्रायव्हर सगळ्यांना अडवून बसला होता. तो बदलला. या कामाचे 450 घेतले आणि ते परत करणार नाही. ‘टकटक आणि तडतड गेली’ हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय.

दुसऱ्या फेरीचे 400 मात्र आजच परत पाठवतो. त्या दिवशी आम्ही हेडफोनचा जॅक साफ केला आणि विंडोज नव्यानं टाकलं. भुणभुणीशी या दोन्हींचा काही संबंध नव्हता. काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून केलेलं काम होतं ते.

आता दुकानात लॅपटॉप गप्प का, ते सांगतो. तिन्ही कार्डांवर एक ओळ सारखी आहे: ‘चार्जर ग्राहकाकडे’. काउंटरवर पंधरा लॅपटॉप पडलेले असतात, चार्जर एकमेकांत मिसळतात, म्हणून आम्हीच लोकांना ‘चार्जर घरी न्या’ म्हणतो. तुमचा लॅपटॉप आमच्या चार्जरवर, आमच्या प्लगवर तपासला. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर संशय घ्यायचा, त्या दोन्ही बाजूला ठेवून तपासणी केली. मग भुणभुण ऐकू येणार कुठून?

आणि खूण तर तुम्ही स्वतःच दिली होती. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, ‘लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकवलं की आवाज कमी होतो.’ आमचं पोरगं त्यावर हसलं. मी मागं सोल्डरिंग करत होतो, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या वाक्याला हसायचं नसतं, त्यावरून काम सुरू करायचं असतं. हात लावल्यावर भुणभुण कमी होते, कारण त्या क्षणी तुमचं अंगच अर्थिंगचं काम करत असतं. चार्जरच्या आत बारीक कपॅसिटर असतात. आतला खरखरीचा कचरा त्यांच्यातून अर्थच्या तारेनं जमिनीत जावा, अशी ती व्यवस्था. अर्थ तुटलेला असला तर तो कचरा लॅपटॉपच्या पत्र्यावरच रेंगाळतो. मल्टीमीटर लावला तर पत्र्यावर शंभर व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. करंट इतका कमी असतो की झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण हेडफोन आणि माइकच्या तारेला तेवढं पुरतं.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. गेल्या मे महिन्यात माझ्याच टेबलवर हाच खेळ झाला होता. फेज आणि न्यूट्रलमध्ये 232 व्होल्ट अगदी ठणठणीत, पण फेज आणि अर्थमध्ये कधी 140, कधी 90, आकडा ठरायलाच तयार नाही. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मागच्या बोळातला अर्थिंगचा खड्डा उघडला, तर आपली काळी माती तळहाताएवढ्या भेगा देऊन बसलेली. सुकलेली माती करंट नेत नाही. मिस्त्री म्हणाला, ‘खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओता मालक.’ नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात हे सांगायला त्याचं काय जातंय! शेवटी मीठ, कोळसा घालून खड्डा नव्यानं भरून घेतला, तेव्हा टेबल शांत झालं.

तुमच्या घरी खड्डाच सुकलाय असं मी इथं बसून म्हणणार नाही. बोर्डातली अर्थची तार सुटलेली असू शकते, एक्स्टेंशन बोर्डात ती जोडलेलीच नसते असंही होतं, किंवा चार्जर डुप्लिकेट असेल. स्वस्तातल्या चार्जरमधून आतलं फिल्टरच गायब असतं. यंत्रमागाचा लूम शेजारी असलेल्या गिऱ्हाइकांकडं तर मोटार सुरू-बंद झाली की वेगळीच तड् ऐकू येते. आज रात्री एवढं करून बघा: भुणभुण चालू असताना चार्जर लॅपटॉपमधून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू द्या. आवाज तिथल्या तिथं थांबला तर मदरबोर्डाला हात लावायची गरज नाही. बॅटरीवरही राहिला तर मात्र दोष आत असू शकतो. तसं असेल तर लॅपटॉप पुन्हा आमच्याकडं द्या, उघडून बघायचे पैसे घेणार नाही.

अजून एक, आणि हे जरा ओरडूनच सांगतोय. चार्जरच्या प्लगची वरची जाड, म्हणजे अर्थची, पिन कापा किंवा टेप लावा म्हणजे भुणभुण जाते, असे व्हिडिओ फिरतायत. स्पीकर आणि लॅपटॉप दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले असले तर असं केल्यावर भुणभुण जातेही. पण चार्जर आतून बिघडला तर 230 व्होल्टला जमिनीत जायची वाट उरत नाही आणि पत्र्यावर तुमचा हात असतो. तसंच कोणी वायरमन ‘बोर्डातच न्यूट्रलला अर्थ जोडून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि घालवून द्या. न्यूट्रल कुठं तुटला तर घरातल्या सगळ्या पत्र्यांवर करंट येईल.

मदरबोर्डाच्या वाक्याबद्दल माफी मागतो. एवढा मोठा खर्च असा तोंडावर फेकायचा नसतो. आता कार्डावर चार्जरची ओळ बदलली आहे, आवाजाची तक्रार असेल तर चार्जरसकट लॅपटॉप ठेवून घ्यायचा.

शनिवारी दुपारी चारनंतर मी स्वतः मल्टीमीटर घेऊन तुमच्याकडं येतो, त्याचे पैसे नाहीत. बॅटरी निम्मी तरी भरलेली असू द्या. आणि रोज ज्या बोर्डाला लावता तोच बोर्ड, तीच वायर, सगळं आहे तसंच ठेवा. मी येणार म्हणून काही आवरू नका.